काळ्या एडक्यावर घातलेला आळ

हे मी कुणाला सांगितलेलं न्हाई. बायकोला न्हाई, देवाला बी न्हाई — त्याला ठावं असंल, पर माज्या तोंडून न्हाई. एरवी माजं तोंड बंद कधी असतं? वारूळवाडीच्या पारावर मी टेकलो की चार माणसं हसायलाच जमतात. मी एकच दिवस शाळेत गेलो आन गुरुजींनीच बदली मागून घेतली, असं मी सांगतो. हसतात. हसली म्हंजी बरं असतं — मग कुणी दुसरं काय इचारत न्हाई.

शाळा बंद पडून फोनवर भरायला लागल्या, तवाचं हे. माजी कावेरी सातवीत व्हती. आमची मेंढरं एका बागायतदाराच्या रानात खतासाठी बसवलेली. रेंज मेंढरांभवती लावल्याल्या जाळीपाशीच यायची, म्हणून ती जाळीला टेकून फोन घेऊन बसायची.

शाळेत ती कशी, ते सर मला नारायणगावच्या बाजारात गाठून सांगायचे — प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचा हात वर. आन फोनवर? तोंडातनं शब्द न्हाई. खाली मान, नुसता अंगठा चालतोय, टुकटुक टुकटुक. कुणाशी बोलती ही? मला वाचता येत न्हाई, भाऊ. आन इचारायची लाज — बापानं पोरीला इचारायचं, काय लिहितीस म्हणून? त्यापरीस मी मनातच एक पोरगा उभा केला. त्याला मोटारसायकल दिली. गॉगल बी दिला.

त्या दिवशी सरांनी दोनदा तिचं नाव घेतलं. ही गप. अंगठा चालूच. माज्या हातात काठी व्हती — ती मी टाकली, आन लई दिवस मला त्याचंच मोठेपण वाटायचं. हातानंच तर मारलं. पर हात कसला? मेंढरू कातरताना दाबून धरणारा. डाव्या कानावर बसला. पोरगी आडवी झाली. मी थांबलो का? न्हाई. केसाला धरून उठवली आन परत तिथंच मारली. "कोण हाय त्यो? नाव सांग." कानातनं रगत आलं, गळ्यावर उतरलं, तरी मी नावच मागत व्हतो.

फोन मातीत पडलेला. त्यातनं सर बोलले, "शाबास कावेरी. सगळ्यांत आधी तुझं उत्तर आलं. बाकीच्यांनीही माईक बंद ठेवून असंच लिहून पाठवा."

माईक बंद व्हता. वर्गाला काय ऐकू गेलं न्हाई.

बायको पळत आली, "अवं, काय झालं?" मी म्हणलं, "काळ्यानं ढुशी दिली."

काळ्या म्हंजी आमचा एडका. आई मेलेलं कोकरू, कावेरीनंच बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. त्यानं कधी कुणाला शिंग लावलं न्हाई. कावेरीनं माज्याकडं बघितलं. डॉक्टरला बी मी एडकाच सांगितला. ते म्हणले, पडदा फाटलाय, भरून यील. न्हाई आला. ते दोघांनाच कळलं — तिला आन मला.

लेकराला ढुशी देणारा एडका आमच्यात कळपात ठेवत न्हाईत. चुलता म्हणला, "आज कानावर बसली, उद्या पोटात घालंल. काप त्याला." तवा तरी तोंड उघडायचं की न्हाई? मी सुरीला धार लावली. हाक मारली तसा त्यो कायतरी खायला मिळंल म्हणून आला. लई तडफडला. माज्या छातीवर लाथा बसल्या, सुरी अडकली, परत चालवावी लागली. कावेरी कानात कापूस घालून जाळीपाशी उभी व्हती. जेवताना मी पंगत हसवली. म्हणलं, शिकल्याल्या पोरीवर जळत व्हता बिचारा. ती जेवली न्हाई.

मग शाळा परत भरल्या. सरांनी पालकांना बोलावलं, कावेरीला उभं केलं. म्हणले, "फोनवर हिचं उत्तर पहिलं यायचं. आता समोर असून हाक मारली तरी बघत नाही. माज आलाय हिला."

डावीकडनं मारल्याली हाक तिला ऐकू येतच न्हाई. तिनं मान वळवली, उजवा कान माज्याकडं केला. मी काय बोलतोय ते ऐकायला.

आन मी म्हणलं, "आईवर गेलीय, सर. आमच्या घरात माजं तरी कोण ऐकतंय?"

सगळे हसले. सर बी हसले. तिला मागच्या बाकावर बसवलं.

आता ती जुन्नरला कॉलेजला जाती. जीपपर्यंत मी सोडायला जातो. चालताना मला डाव्या अंगाला ठेवती. मी बोलत असतो, हसवत असतो, ती म्होरं बघत चालती. एकदा मी बाजू बदलली.

तिनं बी बदलली.