गड्ड्याचा देठ

पावसाळ्यातल्या एका रविवारी, शिरगावच्या आमच्या घरी वडिलांनी आमच्याआधी बसून अळंबीची भाजी पोटभर खाल्ली आणि मग आईला कचऱ्याच्या डब्यात एक देठ सापडला. वारुळावरच्या अळंबीचा देठ मुळासारखा लांब, निमुळता असतो. या एकाच्या बुडाशी विषारी अळंबीला असतो तसा गोल गड्डा होता. "याची छत्री कुठेय?" आईने विचारलं. "पोटात असेल," वडील हसले. "दरवर्षीचंच वारूळ आहे ते." "हसू नका. दवाखान्यात चला." लसणाच्या फोडणीचा वास अजून घरभर होता. आई त्या छत्रीसाठी परात, पिशवी, मोरी धुंडाळत राहिली. तिने पुन्हा डब्यात हात घातला, तेव्हा वडिलांनी चपला घातल्या. मी रिक्षा आणली. दवाखान्यात त्यांना दोन दिवस ठेवलं. काही झालं नाही. पुढच्या पावसाळ्यात वारुळावर आई स्वतः गेली आणि एकेक अळंबी तिने मुळापर्यंत उकरून काढली.