अर्धं पेर

पडदा वर जातो तेव्हा समोर पांढऱ्या उजेडाची लांबलचक खोली. सहा शिलाई मशिनी, पण एकही चालत नाही. मधोमध हवा काढून घेतलेली काचेची पेटी, आणि तिच्यातल्या जाडजूड हातमोज्यांत हात घालून उभी आहे पायलटीण. हे नाव खोलीतल्यांनी लाडानं ठेवलेलं. देशातून अंतराळात जाणारी ती पहिली बाई. म्हणजे, गेली तर.

आठ मिनिटांत बारा नट आवळायचे होते. सातव्या नटालाच वेळ संपली.

"दुसऱ्यांदा नापास," साहेब घड्याळ बंद करत म्हणाले. "पकडच नाही. परवा शेवटची संधी. नाहीतर राखीव पायलट जाईल."

"बायकांचा हातच लहान हो," मागून कुणीतरी पुटपुटलं.

कोपऱ्यात मावशी उभ्या होत्या. अंतराळपोशाखाचा तो हातमोजा त्यांनीच शिवलेला. पाना पकडताना प्रत्येक बोटाचं टोक रिकामंच दुमडत होतं, चांगलं अर्धं पेर. ते पाहताच चूक कुठे झाली ते त्यांना कळलं.

या कामावर येण्यापूर्वी मावशींनी बावीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले होते. येणारी प्रत्येक आई बजावायची, "वाढत्या अंगाचं शिवा हं!" इथे पुरुषांचे हातमोजे ठरलेल्या साच्यावर कापले जात. एवढं लहान माप पहिल्यांदाच आलं, ते मावशींनी स्वतः बेतलं, आणि कात्रीनं जुनी सवय काढली. तपासनिसानं शिवण पाहिली, बोटांची लांबी कोण पाहतो?

गप्प बसलं तर पोरगी घरी. बोललं तर मावशींचं नाव मातीत. साहेब दाराशी पोचले होते.

"साहेब, थांबा. हात बरोबर आहे. हातमोजा चुकलाय. मी चुकवलाय."

"म्हणजे?"

"वाढत्या अंगाचा शिवला गेला माझ्याकडून."

साहेबांना काही उमजेना. पायलटीण मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अहो मावशी, एकतिसावं सरलं माझं! आता वाढले तर आडवीच वाढणार!"

साहेब हसले नाहीत. "परवापर्यंत नवा होईल?"

"होईल. पण माप मूठ मिटलेली असताना घेणार. काम मुठीनं करतात, पसरलेल्या पंजानं नाही."

तिसऱ्या दिवशी बारा नट साडेसहा मिनिटांत आवळले गेले. पुढे पायलटीण अंतराळात यानाबाहेर तरंगत सैल झालेला नट घट्ट करत होती, तेव्हा खाली केंद्रातला सगळा हॉल मोठ्या पडद्याकडे तोंड वासून बघत होता. मावशी बघत होत्या फक्त उजव्या हाताची तर्जनी. टोक कुठेही दुमडत नव्हतं. त्यांची मान अशी ताठ झाली, की शेजारणीनं विचारलं, "उसण भरली का?"

पायलटीण आणखी दोनदा जाऊन आली, मग प्रशिक्षणाची प्रमुख झाली. तिचा पहिला हुकूम असा: हातमोजा तपासल्याशिवाय कुणाचाही हात नापास करायचा नाही. आजवर अकरा जणी वर जाऊन आल्या. अकराही जणींचं माप मूठ मिटूनच घेतलेलं, आणि त्यातल्या नऊ जणींचं मावशींनी.

निवृत्तीच्या दिवशीसुद्धा मावशी मशिनीवरच होत्या. पायलटीण खुर्ची ओढून जवळ बसली. "मावशी, त्या दिवशी तुम्ही गप्प राहिला असतात तर?"

मावशी सुईत दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू गेली नसतीस आणि मला जन्मभर झोप लागली नसती. सरक बघू तिकडे, उजेड अडवतेयस."