मायच्या सिस्टर

माझं लग्न होऊन मी निलंग्याला आले, त्याच वर्षी भावानं मायला घरातून हलवून शेतातल्या खोलीत नेऊन ठेवलं. तिला कुष्ठरोग झाला होता. गोळ्यांनी रोग बरा झाला, डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं. पण बोटं वाकडी झाली होती आणि बधिर तळव्याची जखम काही भरत नव्हती. गावाला ती जखमच दिसायची.

दर गुरुवारी मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टर एसटीनं फाट्यावर उतरायच्या आणि तिथून चालत शेतात यायच्या. साठीच्या होत्या, केरळच्या. उघड्या हातांनी मायचा पाय धुवायच्या, पट्टी बांधायच्या आणि मग डोळे मिटून हात जोडायच्या.

एकदा मी विचारलं, "देवाला काय मागता?"

"मागत नाही. तुझ्या आईबद्दल सांगते त्याला."

एके दिवशी त्या मायला म्हणाल्या, "भूक लागली. भाकर देता?"

माय घाबरलीच. "माझ्या हातची? नगं बाई. लोक काय म्हंतील?"

"लोकांना भूक नाही लागली. मला लागली."

मायनं त्या वाकड्या बोटांनी भाकर थापली. थापताना रडत होती. सिस्टरांनी ठेच्यासोबत सगळी खाल्ली. मायनं दुसरी माझ्यापुढं सरकवली, तर मी म्हणाले, जेवून आले. खोटं होतं ते.

दिवाळीनंतर सिस्टर यायच्या बंद झाल्या. पोटाचा कॅन्सर होता. वर्षभर त्यांना ठाऊक होतं, आम्हाला बोलल्या नव्हत्या. लातूरच्या दवाखान्यात त्या वारल्या. मी रिक्षा करून मायला मातीला नेलं. ती दफनभूमीच्या फाटकापाशीच थांबली. दवाखान्यातल्या दुसऱ्या सिस्टरांनी तिचा हात धरून आत आणलं. तरी मूठभर माती टाकायला ती तयार होईना.

"माझा हात असला," ती म्हणाली.

"त्यांना हाच चालला असता," त्या सिस्टर म्हणाल्या.

मग मायनं माती टाकली.

परत येताना तिनं विचारलं, "आता गुरवारी कोण येईल गं?"

"मी येते."

दवाखान्यात जाऊन मी पट्टी करायला शिकले आणि माय जाईपर्यंत, दीड वर्ष, एकही गुरुवार चुकवला नाही. पण हातमोजे मी कधीच काढले नाहीत. गरज होती म्हणून नाही, रोग तर कधीच बरा झाला होता. मला धीरच झाला नाही.  पट्टी होईपर्यंत माय बाहेर शेताकडं बघत बसायची.