भाऊ, रेस द्या!

जो किस्सा मी आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा सांगितलाय, तोच मी आजवर कोणालाही सांगितलेला नाही. वाक्य विचित्र झालं, मला कळतंय. पण दुसरं कसं लिहू?

आमच्या नात्यातल्या कुठल्याही लग्नाला या. बुरहानपुरात असो की दापोऱ्यात, जेवणं आटोपली, सतरंज्या पडल्या, की कोणीतरी म्हणतंच, "मौसाजी, ते वॉटर स्कूटरवालं होऊन जाऊ द्या." आणि मी, म्हणजे पोट सुटलेला, केस गेलेला, कापडाच्या दुकानात दिवसभर 'ताई, हा रंग तुम्हालाच खुलतो' असं खोटं बोलून संसार चालवणारा माणूस, थोडे आढेवेढे घेतो. फार नाही. लोकांनी आग्रह सोडला तर काय घ्या? मग उठतो, धोतर नसलं तरी कासोटा खोचल्याचा अभिनय करतो आणि सुरू होतो.

किस्सा माझ्या साडूचा आहे. मधुकर. माझ्या बायकोची, सुनंदाची, धाकटी बहीण कल्पना, तिचा नवरा. मला तो आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुठे त्याच्याबद्दल गोड बोललो तर तुम्ही सावध राहाल.

का आवडत नाही? त्यानं माझं काय वाईट केलं? काहीच नाही — तेच तर. तो औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचल्याशिवाय झाकण उघडत नाही. गॅसची टाकी आली की वायसर तपासतो. भाजी आणायला जाताना बायकोला हेल्मेट घालायला लावतो. भेंडीवाली हसते, कल्पना चरफडते, हा मात्र पट्टा खटकन लावल्याशिवाय गाडी सुरू करत नाही. आणि जिथे म्हणून पाटी दिसेल तिथे उभा राहून ती मोठ्यानं वाचतो. दापोऱ्याला आमच्या सासऱ्यांची केळीची बाग. त्यांनी नवा पंप घेतला तेव्हा मला चहाला बोलावलं आणि मधुकरला पंप बघायला. थोरला जावई मी! तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून? हो, एवढ्यावरूनच. माणसाचा राग यायला मोठी कारणं लागतात असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्हाला साडू नाही.

आता सगळ्यांना ठाऊक असलेला किस्सा आधी थोडक्यात सांगतो. तो हसण्यासारखा आहे, हसून घ्या.

ऋतुजा, म्हणजे मधुकर-कल्पनाची एकुलती एक पोर, तेव्हा शाळेत होती. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन्ही घरं मिळून नर्मदेच्या धरणावर गेलो होतो. पाणी नजर पोचेल तिथवर. तिथे वॉटर स्कूटर होत्या. मी बसलो, मागे ऋतुजा. छान फेरी मारून परत येत होतो, समोर तरंगता धक्का — निळ्या पिंपांवर फळ्या ठोकलेला. तेवढ्यात काठावरून हा शहाणा दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडतो, "भाऊ, रेस द्या! रेस द्या!" आता वडीलधाऱ्यांचं ऐकावं तसं नियमवाल्याचंही ऐकावं की नाही? मी दिली रेस! आणि गेलो धक्क्यावर! माझा चष्मा अजून नर्मदामैयाकडे आहे, ती आता तरी मधुकरच्या पाट्या वाचत असेल.

इथे लोक हसून लोळतात. आमच्याकडे ॲक्सिलरेटरला रेस म्हणतात, आणि आता आमच्या घराण्यात 'रेस द्या' ही म्हणायची गोष्ट झालीय. कोणी मूर्खासारखा सल्ला दिला की पोरं ओरडतात, "रेस द्या!" मधुकरच्या स्वतःच्या घरातसुद्धा.

किस्सा संपला. पुढचं कोणी विचारत नाही. मी सांगतही नाही.

पण त्या दिवशी झालं काय होतं? तिकीटखिडकीशेजारी भली मोठी पाटी होती आणि अर्थातच मधुकर ती वाचायला लागला. आम्ही सगळे उन्हात ताटकळत. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे लावा. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला अडकवा. पोहणाऱ्यांपासून, बोटींपासून लांब राहा. धक्क्याजवळ वेग अगदी कमी. दारू पिऊन नाही, सूर्य मावळल्यावर नाही. शिकाऊ माणसामागे आमचा चालक बसेल. मी त्याच्या पाठीमागे उभा राहून त्याच्याच आवाजात एकेक ओळ पुन्हा म्हणत होतो, मान हलवत, बोट वर करून. ऋतुजा तर हसून हसून खाली बसली.

मग तो एका ओळीवर थांबला. आमच्याकडे वळून म्हणाला, "हे बघा, हे महत्त्वाचं आहे. ही मोटारसायकलसारखी नाही. हिला ब्रेक नाही. मागून पाणी फेकते म्हणून ती वळते. रेस सोडली की पाणी बंद, पाणी बंद की हँडल कितीही फिरवा, सरळच जाणार. समोर काही आलं तर रेस देऊन वळवायचं." आणि मी — त्याच्याच आवाजात, बोट वर करून — "रेस देऊन वळवायचं!" सगळे हसले. तोही कसनुसा हसला.

म्हणजे मला माहीत होतं. हे तुम्ही लक्षात ठेवा. मला माहीत नव्हतं असं मी पुढे कुठे म्हणालो, तर ते खोटं समजा.

तिथला चालक म्हणाला, "साब, पीछे मैं बैठूँगा. नियम है." मी त्याच्या खांद्यावर हात टाकला. "भैया, मैं कब से बुलेट चला रहा हूँ, मालूम? तुम्हारा जनम नहीं हुआ होगा." बोलणं हाच माझा धंदा, तो बिचारा उतरला. मग ऋतुजा हट्टाला पेटली, "पप्पा, जाने दो ना, प्लीज!" मधुकर नाही म्हणाला. मी म्हणालो, "पोरीला बरणीत घाल, वरून तेल सोड, वर्षभर टिकेल." कल्पनाही म्हणाली, "जाऊ द्या ना हो, भाऊजी आहेत सोबत."  मधुकरनं खाली बसून पोरीच्या जॅकेटचा एकेक पट्टा ओढून पाहिला, मग माझ्याकडे आला. ती लाल गुंडाळीची दोरी मी हँडलवरच लटकवून ठेवली होती. त्यानं माझं मनगट धरलं आणि ती अडकवली. मला वाटलं, त्याच्या थोबाडीत द्यावी. सगळ्यांसमोर, लहान पोराच्या हातात गंडा बांधावा तशी!

फेरी छान झाली. परतताना मला काठावरच्या लोकांना दाखवायचं होतं — त्याला दाखवायचं होतं. म्हणून धक्क्याकडे येताना वेग कमी केला नाही. आणि मधेच धक्क्यावरून एक बोट सुटली, आडवी आली.

मी रेस सोडली.

बुलेटवर सोडतात तशी. सोडली आणि हँडल जोरात फिरवलं. स्कूटर वळली नाही. पाटीवर लिहिलं होतं तशी, त्यानं वाचून दाखवलं होतं तशी, सरळ गेली. बोट निसटली, धक्का निसटला नाही. काठावरून तो ओरडत होता, "भाऊ, रेस द्या! रेस देऊन वळवा!" सगळं ऐकू आलं मला. शेवटचा शब्दसुद्धा. किस्सा सांगताना 'वळवा' मी गाळतो. एवढीच काय ती माझी कारागिरी.

मी पाण्यात पडलो, मनगटाच्या ओढीनं दोरी स्कूटरमधून निसटली, इंजिन जागच्या जागी बंद पडलं. दोरी नसती तर स्कूटर फिरत राहिली असती आणि पाण्यात ऋतुजा होती. पट्टे घट्ट नसते तर जॅकेट वर निघून आलं असतं. पोरगी बेशुद्धीतही तरंगत राहिली. तिचं कोपर धक्क्याच्या लोखंडी नळीवर आपटलं होतं. माझा चष्मा गेला. बस.

दवाखान्यात कल्पनानं माझा शर्ट धरला. "भाऊजी, झालं काय? काय झालं सांगा ना!" मधुकर शेजारीच होता. तोंड पांढरं पडलेलं. तेव्हा मी गोंधळलो होतो असं लिहायला मला फार आवडेल. गोंधळलो नव्हतो. दुकानात गिऱ्हाईक कापड हातात घेऊन घुटमळतं, तो क्षण मला बरोबर ओळखता येतो. तसाच हा होता. 'रेस द्या' सगळ्यांनी ऐकलंय, हे मला आठवलं.

"मधुकर ओरडला रेस द्या म्हणून," मी म्हणालो. "मी दिली."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तो समजावायला लागला — काय समजावणार? मागून पाणी येतं, पाणी बंद तर वळण बंद. एक्स-रेच्या पाकिटावर पेनानं स्कूटरचं चित्र काढायला लागला. पोरगी आत कण्हतेय आणि बाप बाहेर चित्र काढतोय! कल्पनानं ते पाकीट हिसकावलं. "चूप बसा! तुमचे नियम घाला चुलीत. माझ्या पोरीचा हात गेला!" सुनंदानं मला पाठीवर हात फिरवून पाणी दिलं. मी प्यायलो.

खरं हे इतकं वेड्यासारखं आहे की ऐकणाऱ्याला ती सबब वाटते. समोर काही आलं तर वेग वाढवायचा? कोण मानेल? मला त्याचा केवढा आधार होता.

ऋतुजा शाळेच्या व्हॉलीबॉल संघात होती, पुढच्या स्पर्धेला निवड झाली होती. कोपर पुन्हा सरळ झालं नाही. आजही ती हात लांब करते तेव्हा तो मधेच थांबतो, कोणीतरी हाक मारल्यासारखा. खेळ सुटला. बापाशी बोलणं सुटलं नाही, पण कामापुरतं राहिलं. स्कूटी शिकायची वेळ आली तेव्हा ती माझ्याकडे आली. "मौसाजी, तुम्ही शिकवा. पप्पा रेस द्या म्हणतील." मी हसलो. शिकवली. ती पुढे, मी मागे धावतोय आणि मधुकर गेटाशी हातात तिचं हेल्मेट घेऊन उभा. तेव्हा सांगता आलं असतं ना? तो काय माझ्या मानेवर सुरी धरून उभा होता?

त्यानं पुन्हा कधी तो विषय काढला नाही. आणि हळूहळू पाट्या वाचणंही बंद केलं. निंबोल्याच्या एका लग्नात जनरेटरवर कसलीशी सूचना चिकटवलेली होती. तो थांबला, ओठ हलले आणि आमच्याकडे चोरट्यासारखं बघून पुढे निघून गेला. मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो — मला वाईट वाटलं नाही, बरं वाटलं. जिंकल्यासारखं.

या हिवाळ्यात ऋतुजाचा साखरपुडा झाला. मावा जिलबीचं ताट फिरत होतं, मुलाकडची मंडळी सैलावली होती. ऋतुजाच म्हणाली, "आता आमचे मौसाजी एक किस्सा सांगतील." मी सांगितला. आजवरचा सगळ्यात रंगलेला. धक्का समोर आला, मी श्वास रोखला, सगळ्यांनी रोखला — आणि मागून आवाज आला, "भाऊ, रेस द्या! रेस द्या!"

मधुकर होता. कोपऱ्यातून उठून, दोन्ही हात तोंडाशी धरून, अगदी तसाच. मांडव हसण्यानं हलला. ऋतुजा टाळ्या वाजवत नवऱ्या मुलाला सांगत होती, "म्हणून तर मी पप्पांच्या मागे गाडीवर बसत नाही!" त्यानंही 'वळवा' म्हटलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर मी टाकीपाशी हात धूत होतो. तो आला. टॉवेल धरून उभा राहिला.

"भाऊ," तो म्हणाला, "मी पुष्कळ दिवस मनात म्हणायचो की माझं बरोबर होतं. पण एवढ्या सगळ्यांनी तसंच ऐकलंय. म्हणजे मीच काहीतरी भलतं ओरडलो असणार. घाबरलो होतो हो. तुम्हीसुद्धा गेला असता माझ्यापायी. तुम्ही कधी रागावला नाहीत."

नळ चालू होता. मी तो बंद केला. हात पुसले.

"जाऊ दे, मधुकर," मी म्हणालो. "होतं माणसाकडून. मी कधीच मनात ठेवलं नाही."

त्याचे डोळे भरले. मी मोठा साडू. तो वाकला आणि त्यानं माझे पाय धरले.

मी पाय मागे घेतले नाहीत.