काकांची करडी नाव

फोन काकूंचा होता. "जयभीम. तुझे काका गेले गं, पहाटे झोपेतच," त्या म्हणाल्या आणि मी काही बोलायच्या आत, "पोर्चमध्ये पुट्टीचा डबा उघडाच राहिलाय. आत येताना झाकण लावून ये." या गोष्टीला आता काही आठवडे झाले. त्यानंतरच्या शोकसभेत बन्सोड काकांबद्दल जे बोललं गेलं ते ऐकून माझं डोकं फिरलं, म्हणून हे लिहिते आहे. म्हणे शांत होते, मनमिळाऊ होते. कोण? टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस लखनौच्या वृंदावन योजना वसाहतीतल्या आमच्या सेक्टरमधला एक नंबरचा भांडखोर होता, आणि त्यांच्याशी भांडण्यात माझं गेलं दीड वर्ष फार मजेत गेलं. गेलेल्या माणसाला असं इस्त्री करून घडी घालणं बंद करा.

मी जन्मले लखनौत. घरचे मराठीत बोलतात, मी हिंदीत उत्तर देते. काकांना ते चालत नसे. मराठीत बोलेपर्यंत ते बहिरे होऊन बसत. तळी बुजवून प्लॉट पाडणाऱ्यांविरुद्ध आमचा एक गट आहे, त्याची पत्रकं मी लिहिते. अशात काकांनी भंगारवाल्याकडून एक फायबरग्लासची नाव उचलून आणली. दोन माणसांची, वल्ह्यांची, जागोजागी तडे गेलेली. पोर्चमध्ये विटांवर पालथी घातली. शेजारच्या मिश्राजींनी विचारलं, "अंकल जी, यहाँ नदी कहाँ है?" काका म्हणाले, "आप बैठिए, आ जाएगी." मी मात्र मनात ठरवून टाकलं की ही नाव आपल्या आंदोलनाची. दोन्ही अंगांवर घोषणा लिहायची आणि बख्शी का तालाब या गावाकडच्या ज्या तळ्यात मलबा टाकणं चालू आहे, त्यातच सोडायची. काकांना सांगितलं तर म्हणाले, "मले नावेत बसायचं हाये वं पोरी. मोर्चात नाही."

का बसायचं होतं ते त्यांनी एकदाच सांगितलं. भंडारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी मोठं तळं होतं, शिंगाडे काढायच्या दिवसांत ठेकेदाराची नाव यायची. "आमच्यातल्या पोराचा हात लागला का धुवून घ्यायचे. पाण्यातली नाव, पाण्यानंच." हे सांगून हा माणूस खो खो हसला. माझं रक्त उकळलं, पत्रकाचा मथळासुद्धा डोक्यात तयार झाला. काका मात्र डोळे मिटून नावेच्या अंगावरून तळवा फिरवत होते. "इथं हात लाव," म्हणाले. "उंचवटा लागते का?"

काम आम्हा दोघांनाही येत नव्हतं, हे मुद्दाम सांगते. काकांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून सगळं शिकल्याचा आव आणला आणि पहिल्याच दिवशी पुट्टीत हार्डनर इतका ओतला की डबा तापला आणि काकूंचं उलथणं त्यात उभंच्या उभं दगड झालं. "माझं उलथणं," एवढंच काकू दारातून म्हणाल्या. नंतर हळूहळू जमलं. तडे भरायचे, लांब फळीला सँडपेपर लावून तिरकं घासायचं, उंच असेल ते झिजतं, खोल असेल ते उरतं, ते पुन्हा भरायचं. मग करडा प्रायमर. मग पुन्हा घासायचं. चकचकीत रंग फार चुगलखोर असतो, म्हणायचे, एकेक खड्डा गावभर दाखवतो. मी म्हणायची, काका, तळ्यातले ट्रक थांबायचे नाहीत तुमच्या फिनिशिंगसाठी. ते म्हणायचे, घास.

प्रायमरचा दुसरा हात वाळला आणि माझा संयम संपला. काका अंघोळीला गेलेले पाहून मी काळा रंग घेतला आणि वीतभर अक्षरांत लिहून टाकलं: तालाब पाटना बंद करो, म्हणजे तळी बुजवणं थांबवा. ते चहा घेऊन बाहेर आले. मी भांडायच्या तयारीत. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, म्हणाले, "बरं केलं. काळा लागतच होता." खड्डे शोधायला प्रायमरवर काळ्या रंगाचा पातळ फवारा मारतात आणि घासतात, काळं जिथं उरतं तिथं खोल. त्यांनी फळी माझ्या हातात दिली. माझी घोषणा मीच घासली, अख्खी सकाळ. शेवटी 'बंद'चा अर्धा भाग आणि दोनचार ठिपके उरले. "पाह्य, किती खड्डे हायेत." मी म्हटलं, ही सेन्सॉरशिप आहे. "नाही वं, घासकाम हाये. आन् अर्धं तर पाण्याखालीच जाईन. मासोळ्यांले वाचता येते का?"

मग यंदा हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. परत आले ते निम्मे होऊन. दम लागायचा, फळी हातातून सुटायची, तरी नाव अजून करडीच. आता मला खरंच भीती वाटली, घोषणेसाठी नाही. मी म्हटलं, काका, उद्याच जाऊ. ते भडकले. "येडी झाली का? वर पेंट नसला का प्रायमर पाणी पेते. सारी पुट्टी फुगून येईन." मग नावेच्या अंगावरून तळवा फिरवला आणि हळूच विचारलं, "किती पाणी पीन?"

गटातल्या मित्रांनी टेम्पोत नाव चढवली. तळ्याच्या एका काठाला मलब्याचे ढीग, दुसऱ्या काठाला म्हशी. वल्हं मी मारलं, आयुष्यात पहिल्यांदा, त्यामुळे आम्ही गोल गोल फिरत राहिलो. काठावरच्या बायकांनी ओरडून विचारलं, "बाबा, कहाँ जा रहे हो?" काका म्हणाले, "बंबई!" तळ्याबद्दल, गावाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. एक हात पाण्यात, दुसऱ्या हाताने मला हुकूम, "डावं मार, डावं." दुसऱ्या दिवशी प्रायमरवर फोड आले. ते बघून माणूस असा खूश झाला की विचारू नका. "पेलं पाह्य लेकाचं, पोटभर पेलं." आणि सगळं खरवडून पहिल्यापासून घासायला लागले. ते काम अर्ध्यावर असतानाच गेले.

शोकसभेनंतरच्या रविवारी मी पोर्चमध्ये गेले तर काकू तोंडाला मास्क बांधून घासत होत्या. घोषणेचं काय करायचं ते मी विचारलं. त्यांनी हात थांबवला नाही. "तुम्ही दोघं दिवसभर समतेवर भांडायचात," त्या म्हणाल्या. "नावेत जागा दोन. मला कोणी विचारलं, येतेस का? तळं माझ्याही गावात होतं." मी, जिला सगळ्या प्रश्नांवर पत्रक काढता येतं, तिने या प्रश्नावर एकही काढलं नव्हतं. मी दुसरी फळी उचलली.

आता आम्ही दोघी घासतो. रंग निळा, तो त्यांनी ठरवला. घोषणा आतल्या बाजूने लिहायची, बसणाऱ्याला वाचता येईल अशी. तळ्याला अजून पाणी आहे, थंडी सरली की काकू पुढच्या जागेवर बसणार. काका जिथं थांबले तिथून काकूंनी सुरुवात केली आहे आणि हात कुठं बदलला ते नावेवर चक्क कळतं. खरं ते सांगते, काकूंची बाजू जास्त सपाट आहे. काकांनी हे मेले तरी कबूल केलं नसतं.