‘ते लोक’ म्हणजे कोण?

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा मी बिलोलीहून तिथल्या कचेरीत कारकून म्हणून रुजू झाले. दुष्काळ होता. माझ्या टेबलावर टँकर मागणारे अर्ज यायचे. एके दिवशी औशाकडच्या गावातून उलटाच अर्ज आला : ‘गावात पाणी पुरेसे आहे. त्या लोकांमुळे आमच्या दारात रोज भांडणे होतात. तरी टँकर बंद करावा.’ खाली अंगठा.

सगळे हसले. मी मात्र तो तीनदा वाचला.

“काय शोधून राहिलीस?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“लिहिणारा कुठं उभा आहे ते. ‘आमच्या दारात’ म्हणजे विहीर त्याच्या दारात असणार. त्याला पाणी मिळतं, म्हणून गावाला पुरेसं.”

“आणि ते लोक?”

मी अर्जातल्या त्या शब्दांवर बोट ठेवलं. बौद्ध वस्तीत वाढलेल्या माझ्या कानांना ‘ते लोक’ चांगलंच ओळखीचं होतं.

“उद्या पाहणीला जीप जातेय. जाऊन ये,” साहेब म्हणाले.

विहीर खरंच दारात होती. पण दारात एक म्हातारी होती, आणि तिच्या ओट्यावर वस्तीतल्या बाया घागरी टेकवून बोलत बसल्या होत्या.

“आजी, ते लोक कोण?”

“कोन लोक?”

अर्जावरचा अंगठा तिचाच होता. मी तो वाचून दाखवला. ती नवलानं ऐकत राहिली.

“असं लिवलं व्हय मास्तरनं? म्या तर ड्रमवाले म्हनले व्हते. टँकर हिरीत रिकामा झाला की गाड्या घेऊन येतेत, ह्या बायांच्या घागरी बाजूला सारतेत.”

“मग पाणी पुरेसं कसं?”

“आधी झिरपायचं तेवढं आमी वाटून घ्यायचो. लई नव्हतं, पर पुरायचं.”

जागा मी बरोबर ओळखली होती. सूर ओळखायला मात्र चुकले होते. ज्याला मग्रुरी समजले, तो वैताग होता. पण शब्द का बदलला? मी शाळेत जाऊन मास्तरांना विचारलं.

त्यांनी आधी दार लोटलं. “पहिला ड्रम सरपंचांचा असतो, बाई. मला ह्याच गावात राहायचंय.”

परतल्यावर मी अहवालात ‘ड्रमवाले’ असंच लिहिलं, मास्तरांचा उल्लेख टाळून. टँकर शाळेच्या हौदात रिकामा करावा आणि आधी घागरी भराव्यात, असा हुकूम निघाला. पुढच्या पाहणीला गेले, तेव्हा हौदाशी बायांची रांग होती. ड्रमांच्या गाड्या लांब बाभळीखाली थांबल्या होत्या.