शनिवारच्या बीजगणितातल्या बायका

न बोलणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. बोलणारे ते त्याच दिवशी सांगून मोकळे होतात. आमच्यासारख्यांचे मात्र पडून राहतात, एकावर एक. सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "आमची सून शांत आहे हो!" पण शनिवारी दुपारी मी सलग दोन तास बोलते, हे त्यांना सांगून पटणार नाही.

लग्न होऊन गुरुग्रामला आले, तेव्हा वेळ जाता जात नव्हता. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समधल्या मराठी मंडळाला गणिताची बाई हवी होती. ओपन बोर्डातून दहावीला बसणाऱ्या बायकांसाठी. पगार नाही, चहा मिळेल. मी म्हटलं, चलो. आयएनएला मेट्रो बदलायची, की पुढचंच स्टेशन.

पेपर हिंदीत, शिकवणं मराठीत, शंका दोन्हींत.

* * *

पहिल्याच दिवशी मी फळ्यावर मोठा x काढला. "ही एक संख्या आहे. कोणती ते माहीत नाही, म्हणून तिला x म्हणायचं."

पहिल्या बाकावर सुनंदाकाकू होत्या. वय बासष्ट, दहावी राहून गेलेली, नातू स्वतः दहावीत. त्या मागे वळून सगळ्यांना म्हणाल्या, "सोपं आहे गं! नाव घ्यायचं नाही, नुसतं 'अहो' म्हणायचं!"

वर्ग हसला. मग काकू माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तुमच्या x चं नाव काय?"

मी "निखिल" म्हणाले आणि उगाचच फळा पुसला.

* * *

फरीदाताई औरंगाबादकडची, ब्लाउज शिवते. तिला मी विचारलं, "2x मध्ये x च्या जागी 5 ठेवा. किती आले?"

"पंचवीस!"

"पंचवीस कसे?"

"तुम्हीच म्हणालात ना, x च्या जागी 5 ठेवा? दोनच्या शेजारी ठेवला. पंचवीस!"

मी तीन शनिवार समजावलं, की मधे गुणाकार आहे, तो दिसत नाही. चौथ्या शनिवारी म्हटलं, "फरीदाताई, ब्लाउजला बाह्या दोन. एका बाहीला x इंच कापड. x पाच असेल तर एकूण किती?"

"दहा. आणि शिलाईचं वेगळं." मग ती माझ्याकडे जरा रागानंच बघायला लागली. "बिल्कुल सोपं आहे हे! महिनाभर कशाला फिरवलंत?"

* * *

3a + 2b म्हणजे 5ab, असं निम्म्या वर्गानं लिहिलं होतं. मी सांगितलं, वेगळ्या अक्षरांची बेरीज होत नाही, ती तशीच शेजारी शेजारी राहतात.

सुनंदाकाकूंना ते अजिबात पटलं नाही. "एका घरात राहायचं आणि मिसळायचं नाही? हे काय गणित?"

त्या संध्याकाळी घरी गेले. सासूबाईंनी स्वतःचा चहा करून घेतला होता, माझं पातेलं गॅसच्या बाजूला वेगळं मांडून ठेवलं होतं. मी मनात म्हटलं, काकूंना इथे एकदा आणायला हवं.

* * *

आता रेखाताईचं सांगायला हवं. आतापर्यंत टाळलं.

रेखाताई छत्तीसची. तिचे मिस्टर जवळच्याच एका शाळेत शिपाई होते. गेल्या वर्षी ते हार्ट अटॅकनं गेले. शाळेच्या आवारातल्या दोन खोल्यांत ती, सासू आणि थोरली मुलगी राहायच्या. धाकटीला मिस्टर असतानाच गावी नणंदेकडे ठेवलेली. शाळेनं सांगितलं होतं, उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंत दहावी व्हा. लॅब अटेंडंटची जागा देऊ, खोल्याही राहतील. नाही झालात तर खोल्या रिकाम्या.

एकदा मी होमवर्क दिला: घरातलीच एखादी गोष्ट घेऊन बैजिक राशी लिहा आणि किंमत काढा. रेखाताईनं लिहिलं: घरात p माणसं, प्रत्येकी चार पोळ्या, वर दोन कोणी आलं तर. 4p + 2. p = 4 घेऊन उत्तर अठरा. अगदी बरोबर. मी टिक केली.

शेजारून फरीदा हळूच म्हणाली, "ताई, p आता तीन ना?"

"हो, तीनच," रेखाताई म्हणाली. "पण पोळ्या अजून अठराच होतात."

* * *

फेब्रुवारीत तिचे दीर गावाहून आले आणि थेट वर्गातच येऊन बसले. शेवटच्या बाकावर, बॅग मांडीवर घेऊन.

"चालू द्या मॅडम," म्हणाले. मी चालू दिलं. पाच मिनिटांनी त्यांनीच बंद पाडलं. "वहिनी, या वयात बाराखडी गिरवून काय होणार? गावी चला. थोरलीचंही बघायला हवं आता."

थोरली नववीत होती.

रेखाताई वहीत बघत राहिली. शेवटी सुनंदाकाकू म्हणाल्या, "भाऊ, ही बाराखडी नाही, बीजगणित आहे. तुम्हीही बसा, जागा आहे!"

दीर हसले नाहीत. "पास झालात तर राहा, मी अडवणार नाही. नापास झालात तर मी न्यायला येतो." आणि उठले.

त्यानंतर रेखाताईचा एकाही शनिवारी खाडा नाही. x च्या जागी काहीही द्या, उणे सात द्या, अपूर्णांक द्या, ती कंस घालून, ओळीखाली ओळ मांडून अचूक उत्तर आणायची. वर्गात सगळ्यात चांगलं अक्षर तिचं आणि सगळ्यात कमी चुका तिच्या. मी निखिलला सांगितलंसुद्धा, "ती होईल पास."

* * *

निकाल जूनमध्ये लागला. फरीदा पास झाली, वाजतगाजत पेढे घेऊन आली. सुनंदाकाकू गणितात अडतीस, नातवापेक्षा दोन जास्त. नातू दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही!

रेखाताई बाकी सगळ्या विषयांत पास. गणितात एकतीस. पासिंगला तेहतीस लागतात.

पुन्हा बसायचं तर थेट ऑक्टोबर. शाळा जुलैत उघडली. दीर बोलल्याप्रमाणे न्यायला आले.

* * *

पण मला सारखा आठवतो तो निकालाच्या आधीचा, गणिताच्या पेपरचा दिवस. ऊन मी म्हणत होतं. मी सेंटरबाहेर पाण्याची बाटली घेऊन उभी होते. रेखाताई बाहेर आली, पेपर माझ्या हातात दिला. सगळ्या प्रश्नांवर बारीक खुणा होत्या. एकाच प्रश्नावर नव्हती. तीन मार्कांचा: 'x का कोई भी एक मान लेकर 3x + 5 का मान ज्ञात कीजिए।' म्हणजे x ची हवी ती किंमत घ्या आणि उत्तर काढा.

"रेखाताई, हा सोडलात? हा तर सगळ्यात सोपा!"

"मॅडम, त्यात x किती ते दिलंच नव्हतं. छापायचं राहिलं असेल म्हणून मी सरांना विचारलं. ते म्हणाले, अपने मन से ले लीजिए."

"मग?"

"मग थांबले. म्हटलं, नंतर येऊन सांगतील."

"आणि तुमच्या मनात काहीच आलं नाही?"

"आलं होतं की. सात." ती घोटभर पाणी प्यायली. "मागच्या पानावर करूनही बघितलं. सव्वीस आले. बरोबर आहे का?"

"बरोबर आहे."

"हो ना?" तिला बरं वाटलेलं दिसलं. "मग खोडलं मी ते. सात घ्या, असं कुणी म्हणालं नव्हतं ना!"